साळूबाईंच्या कोऱ्या चपला

५ जून २००५, रविवार

मशीन आलं. दोन वर्षं ज्याच्यापायी सगळ्यांचे टोमणे ऐकले, ते लेसर आज मखमलाबाद नाक्यावरच्या माझ्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात येऊन बसलं. चौघांनी उचलून आत आणलं तेव्हा लंकाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "मॅडम, आणखी एक फ्रीज कशाला?" लंकाबाई माझ्याकडे झाडलोट करते, ड्रेसिंगची तयारी करते आणि आलेल्या प्रत्येक पेशंटची कुंडली काढते. तिसरं काम तिला कोणी सांगितलेलं नाही.

गावातले सर्जन मला हसतात. चांगली शिकलेली सर्जन, आणि कुरुपं, चामखिळी, रुतलेली नखं काढणार म्हणे! हसू देत. अख्खं नाशिक पायांवर उभं आहे, आणि त्यातले निम्मे लंगडतात. त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नाही.

मशीनच्या खोलीत चपला-बूट बंद. धूळ भिंगावर बसली की संपलं. तशी पाटी दारावर लावली. नियम मलाही लागू. तसंही मशीनचं पेडल पायानं दाबायचं असतं आणि चपलेतून ते नीट कळत नाही. अंगठा थेट टेकला की किती दाबलं, कधी सोडलं, सगळं समजतं.

११ जून, शनिवार

पहिली पेशंट! साळूबाई, वय पंचावन्नच्या आसपास. मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा आहे, भाजी आणि झेंडू. बरोबर नवरा गोटीराम, गरीब स्वभावाचा माणूस. साळूबाई आत आल्या त्या उजवा पाय बाहेरच्या कडेवर टेकत. पाऊल पूर्ण पडतच नव्हतं.

चवड्याच्या मधोमध, दुसऱ्या बोटाच्या खाली, तुरीच्या दाण्याएवढं कुरूप. घरी ब्लेडनं कितीदा तरी कापलेलं, दोनदा बिब्बा लावलेला. त्याचा काळा डाग अजून होता.

"मागच्या दसऱ्याला उभंच राहवेना," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तवापासनं दसऱ्याची फुलं माझ्या हातानं तुटत्यात, मॅडम. पहिली पाटी वणीला गडावर जाती, देवीला. मागल्या साली सूनबाईनं तोडली अन् मी बांधावर बसून नुस्ती बघितली." एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. गोटीराम पंख्याकडे बघत राहिले.

मला काय झालं कोण जाणे. म्हणून गेले, "यंदा दसऱ्याला तुम्ही उभ्या राहून फुलं तोडाल. माझा शब्द." आमचे सर सांगायचे, औषध द्या, सल्ला द्या, शब्द देऊ नका. पण पहिलीच पेशंट होती आणि मी फार खुशीत होते.

तळपायात भुलीचं इंजेक्शन फार दुखतं. साळूबाईंनी लंकाबाईचा हात असा आवळला की लंकाबाईच ओरडली. पुढचं सगळं सोपं. कुरुपावर लाल ठिपका धरला, पेडल दाबलं, जळक्या नखासारखा वास आला, थोडा धूर. अकरा मिनिटं. रक्ताचा थेंब नाही. "एवढंच?" साळूबाईंनी विचारलं. मला जरा रागच आला. एवढंच काय! दोन वर्षं लागली मला त्या अकरा मिनिटांसाठी.

२ जुलै

साळूबाईंची जखम भरली. तळवा गुळगुळीत. दाबून पाहिलं, दुखत नाही. मऊ रबराच्या चपला घ्यायला सांगितलं होतं, त्याही घेतल्यात. निळ्या रंगाच्या. दारात सोडल्या तर चोरीला जातील म्हणून पिशवीत घालून आत आणल्या. किती नीट ठेवल्यात! मातीचा कण नाही. मी लंकाबाईला ऐकवलं, "बघ, शहरातल्या शिकलेल्या बायकांना सांगून कळत नाही, आणि ह्यांना एकदा सांगितलं तर पुरे."

लंकाबाई काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात फोन वाजला.

९ जुलै

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले चिमाजी आले होते. दोन्ही अंगठ्यांची नखं मांसात रुतलेली. कामावर लोखंडी टोपीचे बूट, एक माप लहान, कारण स्टोअरमध्ये तेच शिल्लक होते. सहा वर्षं त्यांनी ते घातले. मी म्हटलं, "अहो, बदलून का नाही मागितले?" तर म्हणे, "कोणी विचारलं नाही, मॅडम." नखांच्या कडा लेसरनं काढल्या आणि बूट बदलण्याची चिठ्ठी साहेबांच्या नावे लिहून दिली. माणूस बरा होणार. मशीन फार चांगलं आहे.

३० जुलै, शनिवार

साळूबाई परत. त्याच जागी तेच कुरूप.

विश्वास बसला नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आधीच्यापेक्षा लहान आहे, पण आहे. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू चूक त्यांची आहे. विचारलं, "चपला घालता ना?"

"घालते की, मॅडम."

"रोज?"

"रोज कशी नाय? ह्या काय." पिशवीतून काढून दाखवल्या. खरंच, चार दिवसांपूर्वी आणल्यासारख्या. ह्या बाईंना बोल लावायला जागा नाही. म्हणजे मूळ राहिलं असणार. माझीच कुचराई.

३ ऑगस्ट

पुन्हा लेसर. या वेळी कडा जास्त साफ केल्या. साळूबाईंनी विचारलं, "दसऱ्यापातूर हुईल ना?" मी म्हटलं, होईल. दुसऱ्यांदा शब्द दिला. जेवण गेलं नाही.

२७ ऑगस्ट

साळूबाईंचा पाय उत्तम. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसल्या होत्या. मळ्यात झेंडू कमरेला लागला म्हणाल्या, पहिल्या कळ्या आल्यात. चपला तशाच, चकाचक. मी कौतुकानं म्हटलं, "साळूबाई, तुमच्या चपला तर दुकानात परत देता येतील." गोटीराम खाली बघून हसले. लंकाबाई मात्र हसता हसता बाहेर निघून गेली. हिला कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

१४ सप्टेंबर, बुधवार

परत आलं. त्याच जागी.

मला रडू यायचं बाकी होतं. साळूबाई पुन्हा पायाच्या कडेवर टेकत आत आल्या. मी पेशंटसमोर कधी आवाज चढवत नाही, आज चढला. "तुम्ही नक्की चपला घालता ना?" त्या घाबरल्या, म्हणाल्या, "देवाशपथ घालते, मॅडम. घरातनं निगाले का घालते." मग मलाच लाज वाटली. इतकी साधी बाई, शपथ घ्यायला लावली.

दसऱ्याला अठ्ठावीस दिवस.

१६ सप्टेंबर

मुंबईहून कंपनीचा इंजिनिअर बोलावला. त्यानं दारात बूट काढले, मोज्यातून अंगठा बाहेर. दोन तास मशीन तपासलं. "मॅडम, पॉवर बरोबर आहे. काही दोष नाही." मी त्याला चार शब्द सुनावले. तो बिचारा म्हणाला, "मशीन जे समोर दिसतं तेच जाळतं." फार शहाणा. चहाही न घेता गेला.

१७ सप्टेंबर

ठरवलं. सोमवारी तिसऱ्यांदा लेसर, साळूबाईंना तसा निरोपही पाठवला. पॉवर वाढवायची आणि कातडीच्या खालच्या थरापर्यंत जायचं. मूळच उरणार नाही.

भीती वाटते, ती इथं लिहून ठेवते. एवढं खोल गेलं तर तळव्याला व्रण राहू शकतो. व्रणावर उभं राहणं कुरुपावर उभं राहण्यापेक्षा वाईट, आणि तो कोणतंही लेसर काढू शकत नाही. शिवाय सोमवारी केलं तर जखम दसऱ्याच्या आत भरेल असंही नाही. पण काही न करता बसणं मला जमत नाही. शब्द दिलाय, आणि मशीनही माझंच आहे.

१९ सप्टेंबर, सोमवार

साळूबाई आल्याच नाहीत. दिवसभर वाट पाहिली. मशीन तापवून ठेवलं होतं. संध्याकाळी लंकाबाईला म्हटलं, "बघ, आपण जीव टाकतो आणि ह्यांना किंमत नाही."

लंकाबाई पाणी पुसत होती. पुसायची थांबली. "मॅडम, एक इचारू? तुमी त्येंच्या मळ्यात कवा गेलात का?"

"मळ्यात माझं काय काम?"

"नाय, सहज," म्हणाली आणि पुन्हा पुसायला लागली.

२५ सप्टेंबर, रविवार

आज गेले. रागानंच गेले. साळूबाईंना दोन शब्द सुनावून तारीख पक्की करून यायचं, एवढंच मनात होतं. लंकाबाईला बरोबर घेतलं, रस्ता तिला माहीत होता. कसा, ते विचारलं नाही.

मळ्याच्या बांधावर चपलांची रांग होती. गोटीरामांच्या कातडी वहाणा, सुनेच्या प्लास्टिकच्या, कामाला आलेल्या दोघींच्या फाटक्या स्लिपर. पलीकडे नुसता पिवळा-केशरी झेंडू. मध्ये पाच माणसं वाकलेली, सगळी अनवाणी. साळूबाई मधल्या सरीत, उजव्या पायाच्या कडेवर भार टाकून.

मी सँडलसकट सरीत उतरणार, तोच सून ओरडली, "मॅडम, चपला!" तिचं नाव शुभांगी. जीभ चावून हळू आवाजात म्हणाली, "इथं चपला घालून येत नाय. देवीची फुलं हायेत."

"आणि ह्यांच्या निळ्या चपला कुठं आहेत?"

"आत्याबाईंच्या? घरात खुंटीला. दवाखान्यात येताना घालत्यात ना त्या."

मी बांधावर उभीच राहिले. जवळजवळ तीन महिने माझ्या समोर त्या चपला होत्या. स्वच्छ, कोऱ्या, तळाला घासल्याची जेमतेम एखादी रेघ. मी त्यांचं कौतुक केलं. दोनदा पाय जाळला, तिसऱ्यांदा खोल जाळायला निघाले होते. आणि मळ्यातून येणाऱ्या बाईच्या चपलेला माती का लागत नाही, हे मला एकदाही सुचलं नाही.

राग साळूबाईंवरच काढला. तोंडात येईल ते बोलले. साडेतीन महिन्यांची मेहनत, खोटं का सांगितलं, शपथ का घेतली, वगैरे. त्या सरीतून लंगडत बांधापाशी आल्या. हातातली फुलं पाटीत ठेवली.

"खोटं नाय बोलले, मॅडम. तुमी इचारलं, चपला घालता का? घालते. रस्त्यानं घालते, बाजारात घालते. मळ्यात घालता का, आसं तुमी इचारलं नाय."

"पण तुम्हाला कळत होतं ना, मी कशासाठी विचारत होते?"

त्यांनी हाताची माती पदराला पुसली. मग म्हणाल्या, "मला लाज वाटत व्हती. तुमी इतकं करता, अन् ते पुन्यांदा येतं. म्हनून सोमवारी आलेच नाय. पन मळ्यात चपला कशी घालू? तुमच्या मशिनीच्या खोलीत मी कवा चपला घालून आले का?"



सँडल काढले, रांगेत ठेवले आणि सरीत उतरले. दहा पावलांत समजलं. सरीत पाणी असतं, पाय घसरतो. म्हणून फुलं तोडताना वरंब्याच्या कडेवर चवडा टेकवून उभं राहायचं. सगळा भार एका जागी, दुसऱ्या बोटाच्या खाली. त्यात मुरमाचे खडे आणि मागच्या पिकाचे खुंट. एक खुंट माझ्याही तळव्यात घुसला आणि मी लहान मुलीसारखी किंचाळले. कामाला आलेल्या दोघी पदरात तोंड घालून हसल्या. चांगलं झालं.

"मऊ चप्पल घातली तरी नसतं जमलं," साळूबाई माझा हात धरून म्हणाल्या. "चपलेतनं माती कळत नाय. वली कुठं, कडक कुठं, मुळी कुठं, पायालाच समजतं."

मला माझं पेडल आठवलं. पहिल्या पानावर मीच काय लिहिलंय ते घरी येऊन वाचलं.

निघताना पहिल्यांदा त्यांना काही सांगितलं नाही, विचारलं. "साळूबाई, कापडाचं काही चालेल का पायात?" सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं, मग दोघींनी गोटीरामांकडे.  ते डोकं खाजवून म्हणाले, "कापसाचं आसंल तर काय हरकत? देवीपुढं वात कापसाचीच लावतो की."

मग बांधावर बसून चिठ्ठ्यांच्या वहीचा पुठ्ठा काढला, त्यावर साळूबाईंचा पाय ठेवला आणि पेनानं कड मारून घेतली. जिथं कुरूप आहे तिथं गोल काढला. शुभांगीला समजावलं, एवढी जागा मोकळी सोडायची, भार भोवताली पडला पाहिजे. ती म्हणाली, "म्हंजी काज करायचं." हो, तेच.

२६ सप्टेंबर

झोप नीट लागली नाही. सारखं मनात येतं, १९ तारखेला साळूबाई आल्या असत्या तर? मी पॉवर वाढवली असती. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून पाय पुढे केला असता. तळव्याला जन्माचा व्रण, आणि मी म्हटलं असतं की मूळ फार खोल होतं. मला स्वतःची भीती वाटते आहे.

चिमाजींना मी बुटाचं माप विचारलं होतं. कारण बूट मला माहीत आहेत.

लंकाबाईला विचारलं, "तुला जुलैपासून माहीत होतं?"

"व्हतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी म्हनाला, एकदा सांगितलं तर पुरे. मला वाटलं, मॅडमना काय सांगायचं?"

२८ सप्टेंबर

साळूबाई आणि शुभांगी आल्या. शुभांगीनं जुन्या सुती लुगड्याचे आठ थर घालून गोधडीसारखे बारीक टाके मारलेत. घोट्याला बांधायला नाड्या आहेत, आणि चवड्यात गोल भोक, त्याच्या कडेनं काजासारखे टाके. असे दोन जोड केलेत, म्हणजे एक ओला झाला की दुसरा. मी परदेशी मासिकांत असल्या गाद्यांची चित्रं पाहिली आहेत. ह्याच्याइतकं सुबक एकही नव्हतं.

कुरूप साध्या ब्लेडनं थर थर करून छिलून काढलं. सात मिनिटं, इंजेक्शनही नाही.

"मशीन नाय लावायचं?" साळूबाईंनी विचारलं. मला वाटतं त्यांना माझं वाईट वाटत होतं.

"नाही. मशीनची चूक नव्हती, आणि तुमचीही नव्हती." एवढं बोलायला मला साडेतीन महिने लागले. त्यांना हेही खरं सांगितलं की कुरूप पुन्हा डोकं वर काढेल, अधूनमधून यावं लागेल, मुळासकट गेलं असं मी म्हणणार नाही. या वेळी शब्द दिला नाही. त्या म्हणाल्या, "इतकं चाललं तरी लय झालं."

४ ऑक्टोबर

घट बसले. गोटीराम सकाळी गडाच्या गाडीनं वणीला गेले, पहिली पाटी घेऊन. जाताना दवाखान्यावरून गेले. "तिनंच तोडली, मॅडम. उभी राहून." एवढंच सांगायला थांबले होते. गाडी चुकेल म्हणून पळाले.

मी मशीनच्या खोलीत जाऊन थोडं रडले. तिथं कोणी येत नाही.

१२ ऑक्टोबर, बुधवार, दसरा

सकाळी मशीनची पूजा मांडली. हळद-कुंकू, नारळ. हार अजून आणायचा होता, तेवढ्यात लंकाबाई म्हणाली, "थांबा, येतोय." दहाच्या सुमाराला साळूबाई स्वतः आल्या. पहाटे चारपासून तोडा करून, माल बाजारात पोचवून. हातात झेंडूचा एवढा मोठा हार की मशीन दोनदा झाकलं असतं. पायात निळ्या चपला नव्हत्या, गोधडीचे जोडच होते. काठाला माती, तळ मळून काळा झालेला, एका बाजूचे टाके उसवलेले. इतकी सुंदर मळकी वस्तू मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

मशीनच्या खोलीच्या दारात त्या थांबल्या, वाकून नाड्या सोडायला लागल्या.

मी म्हटलं, "राहू द्या साळूबाई, तशाच या. तुम्हाला चालेल."

"मला चालंल," त्या म्हणाल्या. "पन नेम तुमचा हाय. तुमी माझा पाळला."

जोड उंबऱ्याबाहेर माझ्या सँडलशेजारी ठेवले आणि आत आल्या. दारापासून मशीनपर्यंत गार फरशीवर चार पावलं. सवयीनं मी त्यांच्या उजव्या पायाकडे बघत होते. टाच टेकली, मग चवडा टेकला. चारही वेळा पाऊल सपाट आणि पूर्ण पडलं.